एकराचे तीन वाटे आणि गुंठ्याचा कर्ण

या भागात आकडे जरा जास्त आहेत आणि कानांनी ऐकलेला आकडा लगेच निसटतो, म्हणून नेहमीसारखं सगळं इथे लिहून देतोय. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त मधले 'अं' आणि 'म्हणजे कसं' तेवढे काढलेत. फोनचा कॅल्क्युलेटर जवळ ठेवा, लागेल.

तर गोष्ट दिवाळीतली. मी पुण्याहून राहुरीला घरी आलो होतो. आमच्या आजोबांच्या नावावरचं एक एकर रान तिघा भावांत वाटायचं ठरलं होतं. अण्णा म्हणजे माझे वडील, मधले तात्या आणि धाकटे बापू. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं, पण घरात बोलणं सगळं गुंठ्यात. एक एकर म्हणजे ४० गुंठे. मी इंजिनिअर, त्यामुळे हिशोब माझ्याकडे आला. मीही हौसेनं मोबाईलवर चालणारं एक छोटं ॲप बनवून नेलं होतं. एकूण क्षेत्र टाका, वारस टाका, वाटे मिळतात. ४० टाकले, ३ टाकले. स्क्रीनवर आलं: १३.३३, १३.३३, १३.३३. आणि खाली एकूण: ३९.९९.

तात्यांनी चष्मा वर केला. "पॉइंट शून्य एक गुंठा कुठं गेला?"

हसू नका. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, त्याचा शंभरावा भाग जवळजवळ ११ चौरस फूट. तुळशी वृंदावन मावेल एवढी जागा. आणि वाटणीच्या बैठकीत तुळशी वृंदावनाएवढी जागा गायब झाली की काय होतं, ते ज्यांच्या घरी वाटणी झालीय त्यांना सांगायला नको. बापू म्हणाले, "ती कुणाच्या नावावर लागणार ते आधी ठरवा." अण्णा माझ्याकडे बघायला लागले.

मी सावरायला गेलो आणि तिथंच घसरलो. म्हणालो, "त्याचं काय आहे तात्या, एक तृतीयांश ही अपरिमेय संख्या आहे. दशांशानंतर संपतच नाही. त्यामुळे जमीन पूर्ण वाटलीच जाऊ शकत नाही, थोडं राहणारच."

बापूंची पोरगी नववीला आहे. ती आतून शंकरपाळे खात आली आणि म्हणाली, "दादा, एक तृतीयांश परिमेय असतं. आमच्या पहिल्या युनिट टेस्टला होतं."

बीटेक झालेला माणूस. काय बोलणार?

माझी चूक फार लोकांची असते, म्हणून तिच्यावर हा अख्खा भाग. बऱ्याच जणांच्या डोक्यात असं बसलेलं असतं की दशांश चिन्हानंतर संपली तर परिमेय, नाही संपली तर अपरिमेय. हे चूक आहे. आणि दुसरं टोक म्हणजे पाय अपरिमेय आहे हेही पाठ असतं आणि पाय म्हणजे २२ भागिले ७ हेही पाठ असतं. दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल, हा प्रश्न मला दहावीपर्यंत पडला नव्हता.

आधी शब्दच बघा. परिमेय म्हणजे मोजता येण्यासारखं. आपण व्याख्या पाठ करतो की दोन पूर्णांकांच्या भागाकाराच्या रूपात लिहिता येते (छेद शून्य सोडून) ती परिमेय संख्या. पण त्यामागचं चित्र मोजण्याचं आहे. माझ्याकडे दोन लांबी आहेत. दोन्हीवर पूर्ण वेळा बसेल, मधे तुकडा उरणार नाही, अशी एखादी काठी सापडते का? कितीही छोटी चालेल. सापडली तर त्या दोन लांबींचं गुणोत्तर परिमेय. कितीही बारीक काठी घेऊन सापडलीच नाही, तर अपरिमेय. दशांश चिन्हाचा इथे कुठेच संबंध नाही.

आता आमच्या रानाकडे चला. रान आयताकृती आहे, ३३० फूट लांब आणि १३२ फूट रुंद. गुणाकार करून बघा, ४३,५६० चौरस फूट, बरोबर एक एकर. तीन वाटे करायचे तर ३३० फुटांचे तीन भाग, प्रत्येकी ११० फूट. दोरी तीन पदरी दुमडली की झालं. प्रत्येकाला ११० गुणिले १३२ म्हणजे १४,५२० चौरस फूट. एक इंचसुद्धा कुणाचा गेला नाही! १३.३३३३... हा जो आकडा स्क्रीनवर कधीच संपत नाही, तो शेतात दोन दगड रोवून संपतो.

मग तो कागदावर का संपत नाही? कारण आपण दहा-दहाच्या गठ्ठ्यांत लिहितो आणि दहाला तिनानं भाग जात नाही. दोष लिहिण्याच्या पद्धतीचा, संख्येचा नाही. अपूर्णांकाला सगळ्यात सोपं रूप दिल्यावर छेदात फक्त २ आणि ५ हेच मूळ अवयव असतील, तर दशांश संपतो. ३ किंवा ७ घुसला की संपत नाही. पण संपला नाही तरी तो एक गोष्ट नक्की करतो: फिरून फिरून तेच म्हणतो. पुस्तकात त्याला 'अखंड आवर्ती' म्हणतात.

ते का होतं हे एकदा हातानं भागाकार करून बघण्यासारखं आहे. १ ला ७ नं भागा. प्रत्येक पायरीला काहीतरी बाकी उरते. ती बाकी १ ते ६ मधलीच असू शकते, सहाच शक्यता. (शून्य उरली तर भागाकार संपलाच.) म्हणजे जास्तीत जास्त सहा पायऱ्यांनंतर आधी आलेली बाकी परत येणार, आणि ती आली की पुढचे सगळे अंक त्याच क्रमानं येणार. ०.१४२८५७ १४२८५७ १४२८५७... पळून जायला जागाच नाही. कुठलाही अपूर्णांक घ्या, हेच होतं.

इथे एक गंमत. फोनवर १ भागिले ९७ करा. ०.०१०३०९२७८३५०५१५... असं काहीतरी दिसेल. यात काही परत येताना दिसतंय का? नाही दिसणार, कारण या अपूर्णांकाचं चक्र ९६ अंकांचं आहे. स्क्रीनवर पंधरा-वीसच मावतात. त्यामुळे नुसते अंक बघून संख्या परिमेय आहे की अपरिमेय हे कधीच ठरवता येत नाही. उलटंही आहे. ०.१०१००१०००१००००१... अशी संख्या घ्या, दर वेळी एक शून्य वाढवत जायचं. पुढचा अंक कोणता हे तिसरीतलं पोरगंही सांगेल, पण ठरावीक तुकडा परत येत नाही. म्हणून ही अपरिमेय. नमुना असणं वेगळं, आवर्तन असणं वेगळं.

माझ्या धंद्यातलं पण सांगून टाकतो. कॉम्प्युटर दोनाच्या गठ्ठ्यांत लिहितो. त्याच्याकडे नेहमीच्या दशांश संख्येत छेद फक्त २, ४, ८, १६ असेच चालतात. त्यामुळे आपल्याला जो साधासुधा एक दशांश वाटतो, ०.१, तो त्याच्यासाठी न संपणारा असतो, कारण १० मध्ये ५ लपलाय. जावास्क्रिप्टमध्ये किंवा पायथनमध्ये ०.१ अधिक ०.२ करा, उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. नवीन लागलेला प्रत्येक पोरगा पहिल्यांदा हे बघून बग सापडला म्हणून उड्या मारतो. मीही मारल्या होत्या. म्हणून पैशांचे हिशोब रुपयांच्या दशांशात न ठेवता पैशांच्या पूर्ण संख्येत ठेवायची पद्धत आहे. माझ्या ॲपमधली चूक मात्र याहून बावळट होती. मी प्रत्येक वाटा दोन दशांशांपर्यंत राउंड केला आणि मग राउंड केलेल्यांचीच बेरीज दाखवली. तुळशी वृंदावन मीच गिळलं होतं.

हे झालं परिमेयचं. खरी अपरिमेय संख्या मला दोन दिवसांनी भेटली, बापूंच्या घराच्या जागेवर.

गावठाणाजवळ त्यांची एक गुंठा जागा आहे, बरोबर ३३ बाय ३३ फूट. गुंठा असा विचित्र आकड्याचा का, तर आपल्याकडे जमीन मोजायला ३३ फुटांची साखळी होती. तिचे १६ भाग, प्रत्येक भाग म्हणजे एक आणा, दोन फूट पाऊण इंचाचा. जुनी माणसं अजून 'शंकू साखळीची मोजणी' म्हणतात ती हीच. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा.

तर मिस्त्री फक्की मारायला आले होते. चारही बाजू ३३ भरल्या तरी जागा गुण्यात आहे की तिरकी झालीय ते कळत नाही, म्हणून त्यांनी कोपऱ्यातून कोपऱ्यात टेप धरला. "भाऊ, शेहेचाळीस आठ आलं पाहिजे," म्हणाले. ४६ फूट ८ इंच. दोन्ही कर्ण तेवढेच भरले, मिस्त्री खूश, बापू खूश. मी फोन काढला. पायथागोरसच्या नियमानं कर्ण म्हणजे ३३ गुणिले √२, म्हणजे ४६.६६९०४... फूट. मिस्त्रींचं ४६ फूट ८ इंच म्हणजे ४६.६६६६६... फरक एक मिलिमीटरपेक्षाही कमी. टेपवर दिसणारसुद्धा नाही.

पण फरक आहे. आणि तो आकड्यात फार छान दिसतो. चार इंचांची एक काठी घ्या. ३३ फुटांवर ती ९९ वेळा बसते. ४६ फूट ८ इंचांवर १४० वेळा. आता दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज: ९९ चा वर्ग ९८०१, दुप्पट केला की १९,६०२. कर्णाचा वर्ग: १४० चा वर्ग १९,६००. दोननं हुकलं! एकोणीस हजारांत दोन.

माझ्यातला इंजिनिअर म्हणाला, काठी बारीक करू. चार इंचांऐवजी एक इंच, एक मिलिमीटर, केसाएवढी. कधीतरी बरोबर जुळेल. नाही जुळत. कधीच नाही जुळत, आणि हे करून न बघताच सांगता येतं. बसमध्ये उभे असाल तर पॉज करा आणि नंतर कागदावर करा, दोन मिनिटांचं काम आहे.

समजा अशी काठी सापडली, जी बाजूवर बरोबर 'ब' वेळा आणि कर्णावर बरोबर 'क' वेळा बसते. अशा अनेक काठ्या असतील तर त्यातली सगळ्यात मोठी घेऊ. पायथागोरस म्हणतो, क चा वर्ग म्हणजे ब च्या वर्गाची दुप्पट. दुप्पट म्हणजे सम. क चा वर्ग सम आहे म्हणजे क पण सम, कारण विषम गुणिले विषम विषमच येतं. म्हणजे क हा कशाची तरी दुप्पट आहे, समजा 'ड' ची. मग क चा वर्ग झाला ड च्या वर्गाच्या चौपट. तेच ब च्या वर्गाच्या दुप्पट आहे. दोन्हीकडे निम्मं करा: ब चा वर्ग म्हणजे ड च्या वर्गाची दुप्पट. म्हणजे ब पण सम! आता बघा, काठी बाजूवर सम वेळा बसते आणि कर्णावरही सम वेळा बसते. मग दुप्पट लांबीची काठीही दोन्हीवर पूर्ण बसली असती. पण आपण तर सगळ्यात मोठी घेतली होती. म्हणजे सुरुवातच चुकली, अशी काठी नाहीच.

केसाएवढी नाही, अणूएवढी नाही. एकाच गुंठ्याची बाजू आणि त्याच गुंठ्याचा कर्ण, आणि दोघांना मोजेल असं एकही समान माप नाही. मला हे पुण्यात कॉलेजमध्ये असताना समजलं नव्हतं असं नाही, सिद्धता लिहून मार्क मिळवले होते. पण ३३ फुटांच्या जागेत फक्कीच्या रेषेवर उभं राहून ते अंगावर आलं.

हा सम-विषमाचा युक्तिवाद ग्रीक लोकांचा, ॲरिस्टॉटलनंही त्याचा उल्लेख केलाय. आपल्याकडे वेगळ्या वाटेनं काम झालं: दोराच्या मोजमापातून. बौधायन शुल्बसूत्रात वेदी बांधण्यासाठी √२ ची किंमत दिलीय. एक, त्यात त्याचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्याचा चौथा भाग मिळवा, आणि त्या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करा. हिशोब केला तर ५७७ भागिले ४०८ येतं. बापूंच्या गुंठ्याला हे लावलं तर कर्णात चूक येते मिलिमीटरचा पन्नासावा भाग. केसाच्या जाडीपेक्षा कमी. आणि इथेही ५७७ चा वर्ग ३,३२,९२९, तर ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. एकनं हुकतं. याहून जवळ जाताच येत नाही, कारण फरक शून्य होऊ शकत नाही हे आत्ताच बघितलं.

अशा मुळांना आपल्या गणितात 'करणी' म्हणतात, नववीच्या पुस्तकात आहे. गावाकडे करणी म्हटलं की लोक लिंबू-मिरची बघायला लागतात, ही ती करणी नाही. अर्थात सगळी वर्गमूळं अशी नसतात. १०८९ चं वर्गमूळ ३३, एकदम साधं. म्हणून एक गुंठा नेटका चौरस होतो. दहा एकरही होतो: ४०० गुंठे, बाजू ६६० फूट. पण एक एकराचा चौरस करायला जा, बाजू येते ६६ गुणिले √१०, म्हणजे २०८.७१०... फूट, आणि ती अपरिमेय. कुणी तुम्हाला "एक एकर म्हणजे २०८ बाय २०८" असं सांगून प्लॉट दाखवला, तर तो २९६ चौरस फूट कमी आहे, पाव गुंठ्याहून जास्त. २०९ बाय २०९ घेतला तर १२१ चौरस फूट जास्त. ही माहिती मात्र कामाची आहे, लिहून ठेवा.

आता तो पाय. भास्कराचार्यांनी लीलावतीत, १२व्या शतकात, पायच्या दोन किंमती दिल्यात. व्यवहारासाठी २२ भागिले ७, त्याला ते स्थूल म्हणतात. आणि सूक्ष्म हवी असेल तर ३९२७ भागिले १२५०, म्हणजे ३.१४१६. (भास्कराचार्य आपल्या शेजारचेच म्हणायला हरकत नाही. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाचा शिलालेख आहे.) म्हणजे २२/७ हा पाय नाही, पायचा कामचलाऊ बदली खेळाडू आहे, हे तेव्हाच लिहून ठेवलं होतं. शाळेत 'पाय बरोबर २२/७' लिहिताना ते स्थूल गळून पडलं. २० फूट व्यासाच्या विहिरीचा घेर २२/७ नं काढला तर पाव इंचाहून किंचित जास्त चुकतो, विहीर बांधणाऱ्याला त्याचं काही नाही. पाय खरोखर अपरिमेय आहे हे सिद्ध व्हायला मात्र १७६० चं दशक उजाडलं, लॅम्बर्टनं ते केलं. √२ सारखं दोन मिनिटांत होत नाही ते, म्हणून इथे सोडतो.

कॉम्प्युटरकडे √२ असतो का? नाही. त्याच्याकडची प्रत्येक दशांश संख्या शेवटी अपूर्णांकच असते. २ चं वर्गमूळ काढून त्याचा वर्ग करा, पायथन सांगतो २.०००००००००००००००४. मिस्त्रींचं शेहेचाळीस आठ आणि माझा लॅपटॉप यांच्यात फरक एवढाच की लॅपटॉपची काठी जास्त बारीक आहे.

ॲप मी त्याच रात्री दुरुस्त केलं. आता ते वाटा दशांशात ठेवतच नाही, अंश आणि छेद असे दोन पूर्णांक ठेवतं. स्क्रीनवर '१३ पूर्णांक १/३ गुंठे' असं दिसतं आणि खाली एकूण ४०. तात्यांनी तिन्ही ओळी बोटानं वाचल्या, मग म्हणाले, "हे आधी का नाही केलं?" दुसऱ्या दिवशी ११० फुटांवर दगड रोवले.

निघायच्या वेळी बापूंच्या पोरीनं गाडीशी येऊन विचारलं, "दादा, दोन अपरिमेय संख्या मिळवल्या की उत्तर अपरिमेयच येणार ना?" या वेळी मी विचार करून बोललो. म्हटलं, शंभर फुटांची दोरी घे, त्यातून गुंठ्याच्या कर्णाएवढी काप. कापलेली अपरिमेय, उरलेली पण अपरिमेय, आणि परत जोडली की शंभर. मग तिनं विचारलं, "आणि पाय अधिक ई?" ई म्हणजे ते २.७१८ वालं, तिनं यूट्यूबवर बघितलं होतं. म्हटलं, ते परिमेय आहे की अपरिमेय, हे आजपर्यंत जगात कुणालाच सिद्ध करता आलेलं नाही.

"मग पेपरात येणार नाही," म्हणाली आणि पळाली.